घर पाहावे बांधून; पण शिकावे कोठे?

दिवाळी सरली आणि शेतातले धान्य घरात येऊन पडले, की नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, तळोदे या तालुक्यांच्या वाटा माणसांनी भरून जातात. नवरा, बायको, कडेवर पोर आणि डोक्यावर भांड्यांचे बोचके, असा संसार घेऊन कोणी गुजरातेत ऊसतोडीस जातो, कोणी सुरतेकडे इमारतींच्या कामावर जातो. तेथे सहा-सात महिने घमेली वाहावयाची, माल कालवावयाचा, विटा चढवावयाच्या, आणि मृगाच्या तोंडावर परत डोंगरात यावयाचे, हा क्रम दरसाल चालू आहे. तो आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात विचार करण्यासारखे काही आहे असेही कोणास वाटेनासे झाले आहे. आम्हांस मात्र एक प्रश्न विचारावासा वाटतो. दुसऱ्याची मजल्यावर मजले चढलेली घरे ज्यांच्या खांद्यांवरून उभी राहिली, त्यांच्यापैकी किती जणांस त्या घराचा नकाशा वाचता येतो? आपण दिवसभरात किती घनमीटर माती खणली आणि तिचे दाम किती होतात, हे किती जणांस स्वतः मोजून सांगता येते? यांतील पुष्कळसे तरुण आश्रमशाळेत आठ-आठ, दहा-दहा वर्षे बसलेले आहेत. त्या शाळेने या कामी त्यांस काय दिले? याचे प्रामाणिक उत्तर ‘जवळजवळ काही नाही’ असेच द्यावे लागेल. आणि तेच आजच्या आमच्या लेखाचे प्रयोजन होय.

आमची सूचना थोडक्यात अशी आहे. स्थापत्य आणि वास्तुकला या दोन विद्यांची मूलतत्त्वे माध्यमिक शाळेत, म्हणजे इयत्ता आठवीपासूनच शिकविली जावीत; आणि त्याचा आरंभ नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून व्हावा. ही सूचना ऐकताच काहींस हसू येईल, काहींस संशय येईल. हसणारांस आम्ही इतिहासाचा दाखला देऊ, आणि संशय घेणारांच्या संशयाचा आदरपूर्वक विचार करू. कारण तो संशय निराधार नाही.

प्रथम जिल्ह्याची स्थिती पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे येथील लोकसंख्या सुमारे साडेसोळा लक्ष असून तीत शेकडा ६९ लोक आदिवासी आहेत. साक्षरतेचे प्रमाण शेकडा ६४ च्या आसपास, म्हणजे त्या खानेसुमारीत सर्व महाराष्ट्रात शेवटचे, भरले. आता याच जिल्ह्याच्या भूमीवर व सीमेवर किती बांधकाम झाले ते पाहा. तापीवर सारंगखेडे व प्रकाशे येथे बंधारे झाले. त्याच नदीवर खाली गुजरातेत उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, त्याच्या फुगवट्याची झळ या बाजूसही लागली. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांस बाधा पोहोचली. म्हणजे स्थापत्यशास्त्र ही या जिल्ह्यास अपरिचित वस्तू आहे असे मुळीच नाही. हे शास्त्र येथील माणसाच्या दारात आले, कधी कधी दार बुडवूनही गेले. परंतु त्याच्या पोराच्या पाटीवर ते कधी उतरले नाही. धरणाची उंची किती मीटर वाढली म्हणजे पाणी आपल्या शेताच्या कोणत्या बांधापर्यंत येईल, हे ज्याचे त्याला काढता आले असते, तर सरकारी मोजणीदाराच्या खुणेवर त्याला डोळे मिटून विसंबावे लागले नसते. समपातळी रेषा कशी आखतात हे न कळल्यामुळे माणसाचे केवढे नुकसान होऊ शकते, हे नर्मदाकाठच्या लोकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आता इतिहासाकडे वळू. खानदेशात ही विद्या कॉलेजांच्या आधी होती. पांझरेच्या व तिच्या आसपासच्या नद्यांच्या काठी फडपद्धतीचे बंधारे शतकानुशतके चालत आले आहेत. नदीवर बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी काढावयाचे, शेते फडांत वाटून पाळीपाळीने भिजवावयाची, आणि हे सारे गावाने नेमलेल्या पाटकऱ्यांच्या हाती सोपवावयाचे, अशी ती व्यवस्था होय. पाटाला उतार किती द्यावा, बंधारा नदीच्या कोणत्या वळणावर घालावा, हे ज्यांनी ठरविले त्यांची नावे कोणत्याही शाळेच्या पटावर नव्हती; पण पाणी मात्र त्यांच्या हिशेबाप्रमाणे वाहिले. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीची परीक्षा उतरून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच खानदेशात, पांझरेच्या पात्रातून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे होते. म्हणजे देशातील थोर स्थापत्यविशारदाने आपले पहिले धडे ज्या मुलखात गिरविले, त्या मुलखातील मुलांस त्या विद्येची मुळाक्षरेही मिळू नयेत, हा केवढा विपर्यास!

ही विद्या इंग्रजीवाचून व पदवीवाचून शिकविताच येत नाही, असे म्हणणारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी, १८२३ साली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत जी इंजिनियर इन्स्टिट्यूशन निघाली, तीत मराठी व गुजराती भाषांतून गणित व मोजणीचे शिक्षण दिले जात असे, आणि त्यासाठी मराठी पुस्तके मुद्दाम तयार करविली होती. १८५४ साली पुण्यात जो इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, त्याचा मूळ उद्देशही इमारती, कालवे, रस्ते यांच्या कामावरील कनिष्ठ नोकर तयार करण्याचाच होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन दिले, तेव्हा उद्योगाचे शिक्षण देशभाषेतून देता यावे हाच त्यामागील मोठा हेतू होता. मग हा प्रवाह आटला कोठे? विद्यापीठाच्या पदवीची प्रतिष्ठा वाढली, तसतसा नकाशा काढणारा एक आणि भिंत रचणारा दुसरा, असे दोन वर्ग कायमचे वेगळे पडले. आमच्या समाजात डोके चालविणाराने हात चालवू नयेत, असा जातिभेदाने घालून दिलेला नियम आधीपासून होताच. पदवीने त्यावर मुद्रा उठविली, एवढेच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची नयी तालीम पुढे मांडली. तिचे कौतुक पुष्कळ झाले, अनुकरण थोडे झाले.

असो. कोणी म्हणेल, की आज याची सोय अजिबात नाही असे कसे म्हणता? सोय आहे; पण ती जेथे हवी तेथे नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात स्थापत्याची तीन वर्षांची पदविका आहे. कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात जनरल सिव्हिल इंजिनियरिंग हा विषय बारावीपर्यंत घेता येतो. नंदुरबारास शासकीय तंत्रनिकेतन आहे, शहाद्यास अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. परंतु डोंगरातील ज्या मुलाने दहावीपर्यंत ओळंबा पाहिला नाही, नकाशाची पट्टी हाती धरली नाही, त्यास तंत्रनिकेतन म्हणून काही असते हे तरी कशावरून सुचावे? जिन्याच्या वरच्या पायऱ्या बांधलेल्या आहेत, खालच्या चार पायऱ्या गाळल्या आहेत, अशी ही स्थिती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तरावाचून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावयास पाठवावे असे सांगितले आहे. विचार उत्तम आहे. पण दहा दिवसांत विटेवर वीट बसलेली पाहता येते, भिंत शिकता येत नाही.

हे काम होऊ शकते याविषयी शंका घेणारांनी पुणे जिल्ह्यातील पाबळकडे पाहावे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने विज्ञान आश्रम स्थापिला. खेड्यातील हायस्कुलाच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करावे. ते काम लुटुपुटीचे नसावे, गावाच्या उपयोगी पडणारे खरेखुरे असावे. आणि त्याचा हिशेब, त्याचा नकाशा, त्यामागील शास्त्र हे सर्व त्याच कामातून शिकावे, अशी त्यांची योजना होती. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने आठवी ते दहावीसाठी राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने तिला मान्यता दिली, व पुढे ती राज्याबाहेरील शाळांतही गेली. लोखंडकाम, सुतारकाम, वीज, शेती यांच्याबरोबर विटांचे बांधकाम आणि जाळीवर सिमेंट लिंपून टाक्या करणे हेही त्यात आले. म्हणजे जे आम्ही मागत आहोत त्याचा नमुना महाराष्ट्रातच तयार आहे. तो सातपुड्यात पुरेसा पोहोचविणे एवढेच बाकी आहे.

खुद्द या जिल्ह्यातही एक उदाहरण घडून गेले आहे. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर केरळातून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या साहाय्याने गावकऱ्यांनी श्रमदानाने बांध घातला, पाट काढला, आणि २००३ साली १५ किलोवॅटचे छोटे वीजघर चालू केले. २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते बुडाले. बुडाले म्हणून ते फसले असे आम्ही म्हणणार नाही. अभियंता शेजारी उभा राहून शिकवू लागला, तर डोंगरातील माणूस बांधही घालतो आणि वीजही करतो, हे त्या तीन वर्षांनी सिद्ध केले. नर्मदेच्या काठी लोकांनी स्वतःच्या हातांनी उभारलेल्या जीवनशाळा हाही त्याचाच दाखला आहे. प्रश्न एवढाच, की हे शिक्षण कोणी येईल तेव्हा मिळावयाचे, की शाळेत रोज मिळावयाचे?

आता शिकवावयाचे काय? यासाठी मोठे ग्रंथ नकोत. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर ठरविले आहे. असे घर म्हणजे पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद चौकोन समजा. तो जमिनीवर आखावयाचा तर कोपरा काटकोनात आहे हे कसे ओळखावे? एका बाजूवर तीन मीटर, दुसरीवर चार मीटर मोजून खुणा कराव्या. दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच मीटर भरले तर कोपरा खरा. पुन्हा दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे, म्हणजे सात मीटर सात सेंटिमीटर, भरले पाहिजेत. जे प्रमेय मुले फळ्यावरून घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात, ते ज्याने दोरी धरून जमिनीवर पाहिले तो जन्मात विसरणार नाही. त्याच घराच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर २५ लिटर पाणी मिळते. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर २० हजार लिटर. उन्हाळ्यात झऱ्यावरून हंडे वाहणाऱ्या आईच्या मुलीस हा गुणाकार कोणी शिकविला, तर तिला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल काय?

बांबूचे तीन तुकडे घेऊन त्यांचा देवनागरी ‘अ’ नव्हे, पण घडवंचीच्या पायांसारखा तिकोन करावा. शेंड्यापासून दोरीला दगड बांधून सोडावा. आणि दोन्ही पाय एका पातळीवर असताना दोरी आडव्या काठीवर जेथे टेकते तेथे खूण करावी. या पै न पडणाऱ्या यंत्राने डोंगराच्या उतारावर समतल चर आखता येतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी लावता येते. सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण, मालात पाणी अधिक झाले म्हणजे त्याचे बळ का घटते, कोरडे पडलेले काँक्रीट भेगाळते कसे, व म्हणून त्यावर निदान सात दिवस पाणी का मारावे, हे रसायनशास्त्राच्या तासास शोभणारे विषय आहेत. रोजगार हमीच्या मातीकामावर मजुरी मोजमापावर ठरत आली आहे. तेव्हा लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार करून मुकादमाच्या पुस्तकाशी ताडून पाहता येणे, हे अंकगणित तर आहेच, पण ते नागरिकत्वाचेही शिक्षण आहे.

वास्तुकलेचे म्हणाल, तर तिची शाळा येथील पाड्यापाड्यांत आहे. भिल्ल व पावरा यांची घरे पाहा. लाकडी खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांवर माती व शेणाचा गिलावा, वर कौले. उन्हाळ्यात आत गारवा आणि कुडातून वारा. त्याच्या शेजारी शासकीय साहाय्यातून उभे राहिलेले पत्र्याच्या छपराचे घरकुल पाहा. वैशाखात दुपारी त्यात बसवत नाही. जुने ते सर्व सोने असे आम्ही म्हणत नाही. कुडाच्या घरास वाळवी लागते, आगीचे भय असते, धुराने डोळे जातात. पक्क्या घराची हौस कोणी हसण्यावारी नेऊ नये. ती मानाचीही गोष्ट आहे. परंतु पक्के जोते, मजबूत खांब, उंच छप्पर, समोरासमोर खिडक्या आणि धूर जावयास वाट, असा दोहोंचा मिलाफ करावयाचा तर त्या घराचा विचार तेथे राहणाऱ्यानेच केला पाहिजे. वास्तूच्या नावाखाली दिशा व दोष सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या सांगण्यावरून चांगल्या भिंती पाडणारे शिकलेले लोकही आहेत. सूर्य कोणीकडून तापतो, वारा कोणीकडून येतो, पाणी कोणीकडे वाहते, एवढे ज्या मुलाने स्वतः पाहून वहीत मांडले, त्यास अशा भोंदूंचे भय उरणार नाही.

यात केवळ सोयीचा नव्हे, प्राणाचाही प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः आपल्याच घरांच्या ढिगाऱ्याखाली दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्या दोन अंगांस बांधून ठेवणारे आडवे लांब दगड नाहीत, आणि वर मातीच्या धाब्याचे ओझे, अशी ती घरे होती. सातपुड्यासही मार्च १९३८ मध्ये मोठा धक्का बसलेला आहे. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घालावा, हे सांगावयास पदवीधर लागत नाही. ते आठवीच्या मुलास एका तासात समजते. ते कोणी सांगितले नाही, एवढीच उणीव होती.

आता त्या संशयाकडे येऊ. आदिवासी कार्यकर्त्यांतून असा प्रश्न येणे साहजिक आहे, की सावकाराच्या व शेटजीच्या मुलास इंग्रजी व गणित, आणि आमच्या मुलास थापी व घमेले, हीच का तुमची सुधारणा? हा प्रश्न आम्ही शिरसावंद्य मानतो. हे शिक्षण केवळ आश्रमशाळांस लावले, तर ते मजुरांची भरती करण्याचे यंत्र होईल, आणि तसे होणार असेल तर ते न आलेले बरे. म्हणून आमच्या सूचनेच्या अटी स्पष्ट आहेत. हा विषय नंदुरबार शहरातील उत्तमोत्तम शाळांतही तितक्याच सक्तीने असावा. वकिलाच्या मुलानेही ओळंबा धरावा. तो गणित व विज्ञान यांच्या ऐवजी नसावा, त्यांच्या पोटात असावा. त्याचे गुण तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात धरले जावेत, म्हणजे गवंड्याच्या मुलास अभियंता होण्याची वाट खुली राहील. आणि शिकण्याच्या नावाखाली मुलांकडून फुकट इमारती बांधवून घेण्याचा लोभ कोणत्याही संस्थाचालकाने धरू नये. धरल्यास त्यास कायद्याने आवरावे. जड ओझी, उंच पायाड व खोल खड्डे ही मुलांची कामे नव्हेत. शिकविणे आणि राबविणे यांतील रेषा समतल चराच्या रेषेइतकीच काटेकोर आखली पाहिजे.

मुलींविषयी निराळे सांगावयास नको होते, परंतु सांगावे लागते. भिंत लिंपावयाची, सारवावयाची ती बायकांनी. इमारतीवर विटा व रेती वाहावयाची ती बायकांनी. मात्र हातात थापी आली की ती पुरुषाच्याच हातात, आणि मजुरीही त्याचीच अधिक. पेरीन मिस्त्री या बाईंनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९३६ साली वास्तुकलेची पदविका घेतली, त्यास ऐंशीहून अधिक वर्षे झाली. इतक्या काळानंतरही सातपुड्यातील मुलीने नकाशा काढणे हे नवल वाटावे, हे आम्हांस भूषणावह नाही.

शिक्षक कोठून आणावयाचे? निवृत्त कनिष्ठ अभियंते तालुक्यातालुक्यांत आहेत. चांगले गवंडी व सुतार पाड्यापाड्यांत आहेत. बी.एड. नाही म्हणून गवंड्यास वर्गात येऊ न देणे, हे पोहता येत नाही म्हणून कोळ्यास नदीवरून हाकलण्यासारखे उलटे होईल. त्यास मानाने बोलवावे, मानधन द्यावे, आणि तो भिल्ली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलीत जे सांगेल ते मुलांनी मराठीत लिहून काढावे. शब्दांची अडचण नाही. पाया, जोते, आढे, वासे, तुळई, गुण्या, ओळंबा हे शब्द आमच्याजवळ आहेत, ते फक्त पुस्तकात घ्यावयाचे आहेत. साहित्यही थोडके लागते: मोजपट्टी, दोरी, पाण्याची नळी, थापी, थोडे सिमेंट, आणि डोंगरात विपुल असलेला बांबू व दगड.

यास्तव जिल्हा परिषदेस व आदिवासी विकास खात्याच्या नंदुरबार आणि तळोदे येथील प्रकल्प कार्यालयांस आमची विनंती आहे, की प्रत्येक तालुक्यातील एक शासकीय आश्रमशाळा व एक शहरी हायस्कूल निवडून तीन वर्षे हा प्रयोग करावा. आठवीच्या वर्गाने पहिल्या वर्षी स्वतःच्या शाळेचेच मोजमाप घेऊन तिचा नकाशा काढावा. छप्पर कोठे गळते, संडासाचे पाणी कोठे मुरते, वर्गात उजेड किती येतो, हे लिहून काढावे. त्या वहीची एक प्रत बांधकाम खात्याकडे जावी, आणि खात्याने तिला उत्तर द्यावे. मुलांनी काढलेल्या त्या नकाशांस उत्तर देण्याची पाळी आली, तर खात्याचेही थोडे शिक्षण होईल, असे आम्हांस वाटते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आला. त्यावेळी सर्व देशाचे डोळे येथे लागले होते. माणसास क्रमांक देणे सोपे आहे. त्यास आपले घर आपण आखून बांधण्याची अक्कल व हक्क देणे कठीण आहे. पुढल्या दिवाळीनंतरही वाटा भरून वाहतील यात शंका नाही. पण त्या वाटेवरून जाणाऱ्यांत एखादा तरी पोरगा असा असावा, की जो सुरतेच्या ठेकेदाराच्या हातातील नकाशाकडे पाहून म्हणेल, ‘शेट, हा कोपरा काटकोनात नाही.’ त्या दिवशी त्याची मजुरी वाढेल की नाही हे सांगता येत नाही. परंतु त्यास घमेल्यापुरता हिशेबात धरणे ठेकेदारास अवघड जाईल, आणि आरंभास तेवढे पुरे आहे.